ब्रँडेड संगणक नव्या कॅबिनेटमध्ये हलवला. पुढच्या बटणाच्या वायरी कुठे जोडाव्यात?

कृष्णाकाठ:

कार्यालयात वापरून झालेला एक ब्रँडेड टॉवर संगणक मी दोन वर्षांपूर्वी घेतला. त्यात चौथ्या पिढीचा आय५ प्रोसेसर आहे आणि माझ्या कामाला तो अजून पुरतो. अडचण कॅबिनेटची होती. पुढून हवा आत यायला जेमतेम चार बोटांची फट होती, आणि ग्राफिक्स कार्ड लावल्यापासून उन्हाळ्यात आतला पंखा सतत घोंघावत असे. म्हणून गेल्या आठवड्यात पुढे जाळी असलेले साधे मायक्रो-एटीएक्स कॅबिनेट आणले आणि मदरबोर्ड, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), डिस्क असे सगळे त्यात हलवले. मदरबोर्डची भोके जुळली, एसएमपीएसही नेहमीच्या मापाचा निघाल्यामुळे बसला. घोडे अडले आहे ते पुढच्या बटणापाशी.

नव्या कॅबिनेटमधून पॉवर स्विच, रीसेट, डिस्कचा दिवा आणि पॉवरचा दिवा अशा सुट्या वायरी येतात. जुन्या कॅबिनेटमध्ये या सगळ्यांसाठी दहा छिद्रांचा एकच प्लग होता आणि त्याच्या सगळ्या वायरी काळ्या आहेत. मदरबोर्डवर त्या जागी ‘फ्रंट पॅनेल’ एवढेच छापले आहे; कोणती पिन कशाची, याचा उल्लेख नाही, आणि माहितीपुस्तिका झाकण कसे उघडावे याच्या पुढे जात नाही. इंटरनेटवरच्या एका आकृतीप्रमाणे पॉवर स्विचचा प्लग ६ आणि ८ या पिनांवर लावून पाहिला, पण काहीच झाले नाही. उलटा करून लावला तरी तेच. जुने बटण त्याच्या केबलसह लटकत ठेवून जोडले की मात्र संगणक व्यवस्थित सुरू होतो, त्या अर्थी मदरबोर्ड शाबूत आहे. एका दुकानदाराने “स्क्रू ड्रायव्हरने दोन-दोन पिना टेकवून बघा, कुठेतरी सुरू होईल” असे सांगितले, पण हात धजावत नाही. काय करावे?

पेचकस:

हात धजावला नाही, हे बरेच झाले.

तुम्हाला मिळालेली आकृती चुकीची नाही. ती दुसऱ्या घरची आहे. बाजारात सुटे मिळणारे मदरबोर्ड बहुतेक करून इंटेलने आखून दिलेली रचना पाळतात, आणि त्या मार्गदर्शिकेची १.३ ही आवृत्ती फेब्रुवारी २००५ ची आहे. तिच्यात दोन ओळींत, एकीत विषम आणि दुसरीत सम क्रमांकांच्या, नऊ पिना असतात: १ आणि ३ डिस्कच्या दिव्यासाठी, २ आणि ४ पॉवरच्या दिव्यासाठी, ५ आणि ७ रीसेटसाठी, ६ आणि ८ पॉवर बटणासाठी. दहावी पिन मुद्दाम गाळलेली असते. ब्रँडेड संगणक बनवणाऱ्या कंपनीला मात्र ही रचना पाळण्याची गरज नसते, कारण कॅबिनेटही तिचे आणि मदरबोर्डही तिचाच. कारखान्यात चार सुटे प्लग लावण्यापेक्षा एक प्लग दाबणे सोपे पडते आणि तो उलटा बसण्याची भीतीही राहत नाही. त्यामागे ग्राहकाला अडवण्याचा डाव असतो असे पुष्कळांना वाटते; मला तसे वाटत नाही, मात्र परिणाम तोच होतो.

स्क्रू ड्रायव्हरची युक्ती खोटी नाही, पण ती पिनांची जोडी ठाऊक असेल तेव्हाच वापरायची असते. संगणक बंद असला तरी भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत एसएमपीएस मदरबोर्डला ५ व्होल्ट पुरवतच असतो. अनोळखी हेडरवर, म्हणजे मदरबोर्डवरच्या पिनांच्या अशा गटावर, एखादी ५ व्होल्टची पिन ग्राउंडच्या (शून्य व्होल्टच्या) पिनेशेजारी असली आणि तुम्ही त्या दोन्ही टेकवल्या, तर बिघाड कुठवर जाईल हे सांगता येत नाही. इंटेलच्या रचनेतही नवव्या पिनेवर काही मदरबोर्डवर ५ व्होल्ट असतात.

तुम्हाला लागणारी सगळी माहिती तुमच्या हातातल्या जुन्या केबलमध्येच आहे. मल्टिमीटर असल्यास केबल मदरबोर्डवरून काढा आणि मल्टिमीटर बीप वाजणाऱ्या खुणेवर ठेवा. प्लगच्या छिद्रांत मल्टिमीटरचे जाड टोक जात नाही, म्हणून प्रत्येक छिद्रात एक टाचणी हलकेच सरकवा आणि टोक तिला लावा; टाचणी आत दामटली तर छिद्रातली पितळी पट्टी सैल होते. मग दोन-दोन छिद्रे तपासा: बटण दाबल्यावरच बीप देणारी जोडी कोणती, आणि न दाबताही बीप देणारी एखादी जोडी आहे का. एका गोष्टीत हमखास फसगत होते. प्लग उताणा धरून पाहिला की पिनांचा क्रम मदरबोर्डवरच्या क्रमाच्या आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा दिसतो. म्हणून प्लग काढण्यापूर्वीच त्याच्या एका कडेला मार्करने खूण करा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पहिली पिन शोधायला मदरबोर्डवर छोटा त्रिकोण छापलेला असतो. तो नसेल तर मदरबोर्डच्या खालच्या बाजूला पहिल्या पिनेचा डाक (सोल्डरचा ठिपका) बहुधा चौकोनी असतो आणि बाकीचे गोल.

कृष्णाकाठ:

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. मल्टिमीटर शेजाऱ्यांकडून आणला. प्लग उताणा धरल्यामुळे पहिल्या खेपेला सगळे आकडे उलटे लिहिले गेले, ते तुमचा इशारा पुन्हा वाचून दुरुस्त केले. माझ्या मदरबोर्डवर नववी पिन गाळलेली आहे, दहावी नाही. निष्कर्ष असे:

बटण दाबल्यावर १ आणि ६ या छिद्रांत बीप वाजतो. ८ आणि १० यांच्यात बटण न दाबताही वाजतो. नीट पाहिल्यावर दिसले की तिथे एक आखूड वायर प्लगच्या तोंडाशीच वळून परत आत गेली आहे, ती बटणापर्यंत जातच नाही. २ आणि ४ यांच्यात मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवला की एका दिशेने दिव्याचा पिवळसर रंग मिणमिणतो आणि टोके उलटी केली की काहीच दिसत नाही. संगणक चालू असताना हाच दिवा पांढरा जळत असे. उरलेल्या छिद्रांतून काही कळले नाही.

माझी शंका अशी की १ आणि ६ एका रेषेत नाहीत, एकीकडे पहिली आणि पलीकडच्या ओळीत तिसरी. दोन छिद्रांचा प्लग तिथे बसणार कसा? आणि त्या आखूड वायरीचे प्रयोजन काय?

डाकमास्तर:

संगणक पूर्ण बंद करून, वायर भिंतीतून काढून, एवढे एकदा तपासा: मल्टिमीटरचे एक टोक मदरबोर्ड बसवलेल्या एखाद्या स्क्रूला लावा आणि दुसरे पिन क्रमांक ६ ला, मग ८ ला. माझा अंदाज असा की दोन्हीकडे बीप वाजेल, म्हणजे दोन्ही पिना ग्राउंडच्या आहेत. तसे असेल तर तुमच्या पहिल्या प्रयोगाचा उलगडा होतो: ६ आणि ८ जोडून तुम्ही ग्राउंड ग्राउंडलाच जोडत होता, त्यामुळे काही सुरूही झाले नाही आणि काही बिघडलेही नाही. प्लग उलटा करून लावण्याची तर गरजच नव्हती, कारण बटणाला धन-ऋण नसते. ते असते दिव्यांना.

आखूड वायर हा पहारेकरी आहे. प्लग लागला की दहावी पिन त्या वायरीतून ग्राउंडला जोडली जाते आणि मदरबोर्डला कळते की पुढची केबल जागेवर आहे. ती जोडणी दिसली नाही की ब्रँडेड संगणक सुरू होताना पुढच्या पॅनेलची केबल सापडत नसल्याचा संदेश देतात आणि एफ१ दाबेपर्यंत थांबून राहतात. ध्वनीच्या पुढच्या जोडणीतही हीच कल्पना इंटेलच्या रचनेतच आहे: तिथे चौथी पिन ग्राउंडला गेली की पुढे हेडफोनचे पॅनेल जोडले आहे असे मदरबोर्ड समजतो. म्हणून ८ आणि १० जोडल्याशिवाय काम पुरे होणार नाही. त्या दोन्ही पिना एकाच ओळीत शेजारी-शेजारी असल्यामुळे जुन्या आयडीई हार्ड डिस्कच्या मागे असे ती छोटी जंपरची टोपी तिथे बरोबर बसेल. पिनांमधले अंतर दोन्हीकडे २.५४ मिलिमीटरच असते.

१ आणि ६ साठी एका टोकाला पिन आणि दुसऱ्या टोकाला छिद्र असलेल्या दोन जंपर वायरी आणा. इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी प्रकल्पांसाठी वापरतात त्याच. पिनेची टोके नव्या कॅबिनेटच्या पॉवर स्विचच्या प्लगमध्ये घाला, छिद्राची टोके मदरबोर्डवर, आणि सांध्यावर चिकटपट्टी गुंडाळा. जंपर वायर मिळाली नाही तर कॅबिनेटच्या प्लगवरची प्लॅस्टिकची बारीक जीभ सुईने उचलून आतले धातूचे टोक सुटे ओढता येते; मग दोन्ही टोकांना वेगवेगळी हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी चढवा. जुन्या केबलच्या वायरी कापून नव्या वायरींना डाकणे हा तिसरा मार्ग आहे. तो सर्वांत पक्का आहे, पण मी तो सुचवणार नाही. जुनी केबल अखंड असेपर्यंत तुम्हाला कधीही मूळ स्थितीवर येता येते.

मु.पो. सातारा:

वर बटणाचे सगळे आले आहे, म्हणून दिव्याविषयी आणि इतर प्लगांविषयी लिहितो.

तुमच्या जुन्या दिव्यात पांढरा आणि पिवळसर असे दोन दिवे उलटसुलट जोडलेले आहेत. पिवळसर तेवढा मिणमिणला, कारण पांढऱ्या दिव्याला ३ व्होल्टच्या आसपास लागतात आणि साध्या मल्टिमीटरला डायोडच्या खुणेवर तेवढे देता येत नाहीत. नव्या कॅबिनेटमध्ये एकाच रंगाचा दिवा असणार, तेव्हा तो २ आणि ४ वर लावून पाहा आणि संगणक चालू असताना लागला नाही तर उलटा करा. मदरबोर्डवर प्रवाह आवरणारा रोधक असतो, म्हणून उलटा लावल्याने दिवा जळून खराब होत नाही. पॉवरच्या दिव्याचा प्लग काही कॅबिनेटांत तीन छिद्रांचा आणि मधले रिकामे असा येतो. तसा असेल तर त्यालाही वर सांगितलेला जंपर वायरींचाच उपाय करावा लागेल. यात एक तोटा आहे आणि तो कोणी सांगत नाही: बऱ्याच ब्रँडेड संगणकांत रॅम किंवा एसएमपीएस बिघडला की पिवळसर दिवा ठरावीक वेळा लुकलुकून दोष सांगतो, आणि ही सोय एकरंगी दिव्यात जाते. मी माझ्या संगणकात जुने बटण आणि दिव्याची छोटी पट्टी न तोडता जाळीच्या आतल्या बाजूला केबल टायने बांधून टाकली, आणि नवे बटण जोडलेच नाही. दिसायला ओबडधोबड आहे, पण बोट घालून दाबता येते.

यूएसबी आणि ध्वनीचे प्लग लावताना घाई करू नका. पुढच्या पॅनेलचे, यूएसबी २.० चे आणि एचडी ऑडिओचे असे तिन्ही हेडर दोन ओळींचे आणि एकाच मापाचे असतात. नेहमीच्या मदरबोर्डवर फरक फक्त गाळलेल्या पिनेचा: पॅनेलला दहावी, यूएसबीला नववी, ऑडिओला आठवी. तुमच्या पॅनेलवर नववीच गाळलेली असल्यामुळे कॅबिनेटच्या यूएसबीचा प्लग तिथे सहज बसेल, आणि ते अजिबात होऊ देऊ नका. यूएसबी ३.० चा १९ पिनांचा प्लग खाच पाहून सरळ दाबावा. तो तिरका बसवला तर पिना वाकतात आणि सरळ करताना एखादी तुटते.

कृष्णाकाठ:

आपण तिघांनी सांगितल्याप्रमाणे काल रात्री जोडणी केली. ६ आणि ८ दोन्ही ग्राउंड निघाल्या. जंपर वायरींनी १ आणि ६ जोडल्यावर नव्या बटणाने संगणक लगेच सुरू झाला, आणि त्या आनंदात ८ व १० चे राहूनच गेले. पडद्यावर केबलविषयीचा तो संदेश आला आणि संगणक एफ१ ची वाट पाहत थांबला. माळ्यावर एक बंद पडलेली आयडीई डिस्क होती, तिच्या मागची टोपी चिमट्याने काढून बसवली; त्यानंतर संदेश आला नाही.

दिव्याच्या बाबतीत मी साताऱ्याचा मार्ग अर्धाच घेतला आहे. सध्या नव्या कॅबिनेटचा निळा दिवा २ आणि ४ वर लावला आहे. तो पहिल्यांदा उलटा लागला होता. जुनी पट्टी आणि केबल पिशवीत घालून कॅबिनेटच्या तळाशीच ठेवली आहे, म्हणजे संगणक कधी सुरू झालाच नाही तर प्लग बदलून पिवळसर दिव्याची लुकलुक मोजता येईल. रीसेटच्या वायरीला जोडायला जागा सापडली नाही, ती गुंडाळून बांधून टाकली.