मदत हवी आहे: धाकट्या भावाला गेममधली रँक पैसे देऊन वाढवून घ्यायची आहे

नमस्कार मंडळी,

विषय बीजीएमआय या मोबाईलवरच्या बंदुकांच्या लढाईच्या गेमचा आहे. खेळणाऱ्यांनी तर सांगाच, पण घरात या वयाची मुलं असतील त्यांनीही जरा वाचा. माझी काळजी गेमपुरती नाही.

आम्ही तारकर्लीजवळ राहतो, घरचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. धाकटा भाऊ 17 वर्षांचा, बारावीत. मे महिन्यात मामाच्या बागेत आंब्याच्या पेट्या भरून त्याने स्वतःचे 3,000 रुपये जमवलेत. त्यातले 1,800 त्याला एका बूस्टरला, म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्याची रँक वाढवून देणाऱ्याला, द्यायचेत. कुठल्याशा ग्रुपवर भेटलेला हा माणूस म्हणतो, गोल्ड रँकवरून बऱ्याच वरच्या एस रँकपर्यंत दहा दिवसांत नेऊन देतो. अर्धे पैसे आधी, अर्धे काम झाल्यावर.

हट्ट कशासाठी आहे ते मला कळतं. गणपतीला डोंबिवलीहून आत्याची मुलं येतात. गेल्या वर्षी आरत्या आटोपल्यावर सगळे पडवीत खेळायला बसले, तेव्हा दोन दिवस त्यांनी याला ‘बॉट’ (गेमच चालवतो तो कच्चा खेळाडू) म्हणूनच हाक मारली. तिसऱ्या दिवशी मोबाईल चार्जिंगला लावतो म्हणून तो आत गेला, तो जेवायच्या वेळेपर्यंत बाहेर आलाच नाही.

आणि खेळतो तो चांगला, हे मी भाऊ म्हणून सांगत नाही. पावसात आमच्याकडे लाइट गेली की थोड्या वेळाने टॉवरही जातो. मागच्या आठवड्यात मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. मॅचमध्ये उतरून दोन मिनिटं झाली होती, धड बंदूकही मिळाली नव्हती, आणि पिंग लाल झाला, म्हणजे नेट अडकलं. पडद्यावर याचा माणूस भिंतीला तोंड लावून जागच्या जागी पळत राहिला. नेट आलं तेव्हा तो मेलेला होता आणि गुण वजा झालेले. असं दिवसातून एकदोनदा होतं. प्लॅटिनमला गेलेला मुलगा गोल्डला आला तो असा. बूस्टरने एसपर्यंत नेऊन सोडलं तरी हाच टॉवर, हीच लाइट, आणि समोर मात्र जास्त तयारीची माणसं. शिवाय सीझन बदलला की रँक खाली येतेच. मग 1,800 रुपयांचं राहिलं काय?

हे मी त्याला सांगून पाहिलं. तो म्हणतो, ‘दादा, मला फक्त गणपतीचे पाच दिवस हवेत.’ यावर मला उत्तर सुचलं नाही.

आता खरी अडचण. काही बूस्टर तुमच्या टीममध्ये येऊन सोबत खेळतात, काही तुमचं अकाउंट घेऊन तुमच्या नावाने स्वतःच खेळतात. या माणसाला अकाउंटच हवंय. बीजीएमआयला आपला असा वेगळा पासवर्ड नसतो, गूगल किंवा फेसबुक असं काहीतरी वापरूनच आत जायचं असतं. भावाचा गेममधला आयडी त्याच्या फेसबुकला जोडलेला आहे, आणि त्याच फेसबुकवरून आमच्या होमस्टेचं पेज चालतं, कारण दोन वर्षांपूर्वी ते त्यानेच बनवून दिलं होतं. ऑक्टोबर ते मे निम्मं बुकिंग त्या पेजच्या मेसेजवर येतं. हे आईला सांगितलं तेव्हा ती मासे साफ करत होती. हात तसेच ठेवून म्हणाली, ‘म्हंजे घराची चावीच परक्याच्या हातात दिल्यासारखी झाली मा ही?’

त्यात आमच्या वाडीतल्या एकाचं गेल्या वर्षीचं उदाहरण डोळ्यासमोर आहे. त्यानेही असाच आयडी दिला. बूस्टरने भिंतीपलीकडचे खेळाडू दिसणारा हॅक लावला आणि पाचव्या दिवशी आयडीवर 10 वर्षांचा बॅन आला. बॅन आयडीवर येतो, खेळणारा कोण होता हे कोणी विचारत नाही. घातलेले यूसी (गेममधले विकतचे पैसे), स्किन (कपडे-बंदुकांची सजावट) सगळं गेलं. पैसे यूपीआयने दिले होते, समोरच्याने नंबर ब्लॉक केला. पोरगा घाबरून 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायलाही तयार नव्हता, कारण अकाउंट दुसऱ्याला देणं नियमात बसत नाही हे त्यालाही ठाऊक होतं.

अवांतर: दक्षिण कोरियात 2019 पासून पैसे घेऊन दुसऱ्याची रँक वाढवून देणं हा गुन्हा आहे, 2 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भावाला हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच तो जरा गप्प झाला.

जाणकारांनी कृपया एवढं सांगावं. आयडीला दुसरं अकाउंट जोडून फेसबुक त्यातून पूर्ण काढता येतं का? कोणी केलंय? पेजवर आईला अ‍ॅडमिन करून भावाला काढणं मी आज रात्रीच करतोय, ते बूस्टिंग होवो न होवो. सोबत खेळणारा बूस्टर घेतला आणि त्यानेच हॅक वापरला, तर टीममधल्या बाकीच्यांवरही बॅन येतो का? आणि मालवण-कुडाळ भागात पावसात कोणत्या कंपनीचं नेट टिकतं? ब्रॉडबँड घेतलेल्यांनी इन्व्हर्टरवर राउटर किती तास चालतो तेही सांगा. ते 1,800 तिकडे वळवता आले तर भावाला पटण्यासारखं आहे, वर लागतील ते मी घालीन.

एक विनंती, ‘मोबाईल काढून घ्या’ असं लिहू नका. पावसाळ्यात पाहुणे नसतात, किनाऱ्यावरचं कामही बंद असतं, आणि दिवसभर अभ्यास करून रात्री तो दोन तास खेळतो. ते मला बंद करायचं नाही.

बूस्टरला आज होकार कळवायचा होता. उद्या संध्याकाळपर्यंत थांब, असं सांगून मी भावाला थांबवलंय.