विषय: स्टिअरिंग वळवताना पुढून ‘ठक्क’ आवाज (कोरोला २००८)

ताई, मिसिसागा (कॅनडा):

नमस्कार मंडळी,
आमच्या २००८च्या ऑटोमॅटिक कोरोलात पार्किंग करताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढच्या डाव्या बाजूने ‘ठक्क’ आवाज येतो. हायवेवर काहीच नाही. हिवाळी टायर नुकतेच बसवलेत. एका गॅरेजने गाडी न उचलताच दोन्ही अ‍ॅक्सल (चाकं फिरवणारे दांडे) बदलायला सांगितलंय. त्याआधी घरी काय तपासता येईल?

नानाकाका, ब्रॅम्पटन:

ताई, नमस्कार.
अ‍ॅक्सलवर इतक्यात खर्च करू नका. टायर नुकतेच बदललेत, म्हणून सगळ्यात आधी चाकांचे नट बघा. सैल चाकही वळताना टकटकतं, आणि ते चालत्या गाडीतून निखळू शकतं. गाडी जमिनीवर असताना पाचही नट, एक सोडून एक अशा क्रमाने, टॉर्क पान्याने १०३ न्यूटन-मीटरला लावा (पाना फूट-पाउंडाचा असेल तर ७६). शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा एकदा.

नट घट्ट निघाले तर पुढचा प्रश्न एकच: आवाज चाक फिरल्यामुळे येतो की स्टिअरिंग फिरल्यामुळे?

रिकाम्या पार्किंगमध्ये काचा खाली करा. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, हलका अ‍ॅक्सिलरेटर, आणि सावकाश गोल चक्कर. मग उजवीकडे, मग रिव्हर्समध्येही. सीव्ही जॉइंट (अ‍ॅक्सलच्या टोकाचा, चाक वळलं तरी फिरत राहणारा सांधा) गेला असेल तर ‘टक-टक-टक’ अशी माळ लागते. वेग वाढला की टकटकही वाढते, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की कमी होते. डावीकडे वळताना आवाज असेल तर बहुधा उजवा जॉइंट, असं म्हणतात. तो अंदाज समजा, जॉइंटवरचा रबरी बूट (टोपण) बघितल्याशिवाय पक्कं धरू नका. चाकामागचा बूट फाटला असेल तर रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे उडालेले दिसतात.

आता गाडी उभी ठेवून. गिअर ‘पी’मध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. एकाने स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवायचं, दुसऱ्याने चाकाच्या वर स्प्रिंगला बाहेरून तळवा लावायचा. वेटोळ्यांच्या मधे बोट अजिबात घालू नका. चाक गरगर फिरत नसतानाही ‘ठक्क’ आला, तर दोष सीव्ही जॉइंटचा नाही.

ताई, मिसिसागा:

नानाकाका, नट घट्ट आहेत. चकरा मारताना टकटकीची माळ लागली नाही, बूट चारही धड, ग्रीस कुठेच उडालेलं नाही. पण उभ्या गाडीत डावी स्प्रिंग आधी अडकते आणि मग झटका देऊन सुटते, तेव्हाच आवाज येतो. वळण संपल्यावर स्टिअरिंगही पूर्वीसारखं आपोआप सरळ होत नाही.

नानाकाका, ब्रॅम्पटन:

मग स्ट्रटच्या (स्प्रिंगच्या आतला शॉक अ‍ॅब्सॉर्बर) वरच्या माउंटमधलं, म्हणजे तो गाडीच्या बॉडीला जोडतात तिथलं, बेअरिंग जाम झालंय. स्टिअरिंगबरोबर स्ट्रट आणि स्प्रिंग दोन्ही फिरतात, आणि वर ते फिरणं हे बेअरिंग सांभाळतं. इथे हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यांवर टाकतात त्या मिठाने ते गंजलं की स्प्रिंगचं खालचं टोक चाकाबरोबर वळतं, वरचं जागीच राहतं. पीळ भरत जातो आणि एकदम सुटतो. स्टिअरिंग परत न येणंही त्यातलंच.

टॉर्च घेऊन स्प्रिंगचं सगळ्यात खालचं वेटोळंही बघा. तिथे मीठ साचून स्प्रिंग तुटते आणि आवाज अगदी असाच येतो. दुसरं, बॉल जॉइंट, म्हणजे खालचा आर्म चाकाला जोडणारा गोळ्याचा सांधा. गाडी स्टँडवर, चाक लोंबकळतं ठेवून खालच्या आर्मपाशी पहार लावून हलवा. खेळ जाणवला तर गाडी चालवू नका, कारण तो जॉइंट सुटला की चाक बाहेर मुडपतं.

दादा, हॅमिल्टन:

नानांचं निदान मलाही पटतं. बदलताना नुसतं बेअरिंग न घेता स्प्रिंगसकट जोडलेला पूर्ण स्ट्रट घ्या, डावा-उजवा दोन्ही. बेअरिंगसाठी स्प्रिंग दाबून धरावी लागते, आणि ती दाबायचा घरगुती कॉम्प्रेसर निसटला तर जिवावर बेततं. म्हणूनच बॉनेटखाली मधोमध दिसणाऱ्या नटाला हात लावायचा नाही. दाबलेली स्प्रिंग त्याच्याच भरवशावर असते.

आदल्या रात्री नक्कलच्या (स्ट्रटच्या खाली चाकाचा हब धरणारा लोखंडी भाग) दोन मोठ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारा. गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर स्ट्रटपासून सोडवा. स्टॅबिलायझर लिंकच्या (गाडी कलू न देणाऱ्या दांड्याला स्ट्रटशी जोडणारी कडी) नटाबरोबर मधला दांडाही फिरायला लागला तर तो अ‍ॅलन पान्याने धरून ठेवा. मग ते दोन बोल्ट, शेवटी वरचे तीन नट.

इथे एक चूक महागात पडते: बोल्ट निघताच नक्कल बाहेर झुकतं, अ‍ॅक्सल ताणला जाऊन आतला जॉइंट आतल्या आत निखळतो, आणि चांगला अ‍ॅक्सल कामातून जातो. बोल्ट काढण्याआधीच नक्कल तारेने बांधून ठेवा.

बसवताना वरचे तीन नट आधी हातानेच लावा, पक्के आवळायचे ते चाकं जमिनीवर आल्यावर. नक्कलच्या बोल्टांचा टॉर्क त्याच वर्षाच्या मॅन्युअलमधून घ्या. २००९पासूनच्या मॉडेलचा आकडा इथे लावू नका. या बोल्टांमुळे कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) हलतो, म्हणून अलाइनमेंट त्याच आठवड्यात करून घ्या, नाहीतर नव्या टायरची एक कड झिजेल.

नानाकाका, ब्रॅम्पटन:

ज्यांच्या गाडीत टकटकीची माळ लागते त्यांच्यासाठी: बूट फाटलाय पण आवाज नाही, तर बूट किट आणि पुडीतलं सगळं ग्रीस भरून काम होतं. आवाज सुरू झाला असेल तर आतल्या खाचा झिजल्यात, ग्रीसने त्या भरत नाहीत, अ‍ॅक्सलच बदला. याच मॉडेलला अ‍ॅक्सलचा नट ३० मिमी, टॉर्क २१६ न्यूटन-मीटर. नट नवाच वापरा, आवळल्यावर त्याची कड खाचेत ठोका, आणि तो सैल असताना चाकावर गाडीचं वजन येऊ देऊ नका. हबचं बेअरिंग खराब होतं.