ऐंशी वर्षांपूर्वीचे बॉम्ब: मुद्दाम शोधून काढावेत का सापडतील तेव्हा बघावं?

सुतळीबॉम्ब
२०२५ मध्ये परत तेच झालं, दुसऱ्या महायुद्धातले न फुटलेले बॉम्ब. मार्चमध्ये पॅरिसला गार द्यु नोर स्टेशनकडे जाणाऱ्या रुळांजवळ काम चालू असताना अर्ध्या टनाचा बॉम्ब निघाला, लंडनच्या गाड्यांसकट सगळं ठप्प. ४ जूनला जर्मनीत कोलोनमध्ये तीन अमेरिकन बॉम्ब निकामी करायला वीस हजारांवर माणसं घराबाहेर, पूल बंद, हॉस्पिटल रिकामं. सप्टेंबरमध्ये हाँगकाँगला ४५० किलोचा, तिथं सहा हजार लोक हलवले. दर वेळी बातमी एकाच सुरात संपते, बॉम्ब निकामी झाला, लोक घरी गेले, पथकाचे आभार. आणि पुढचा कुठं आहे हे जेसीबीचा दात लागेपर्यंत कुणी विचारत नाही.

माझं मत सरळ आहे. जिथं बॉम्बवर्षाव झाल्याच्या नोंदी आहेत, विमानातून काढलेले फोटो आहेत, तिथं शहरांनी वाट बघू नये, स्वतःहून शोधून काढावेत. खर्च होईल, त्रास होईल, मान्य. पण हे असंच ठेवणं म्हणजे पुढच्या पिढीच्या गळ्यात घालणं आहे. तुम्हाला काय वाटतं?

निवांत
मला वाटतं की जे ऐंशी वर्षं पडून आहे ते पडू द्यावं. गंमत नाही करत. एकट्या जर्मनीत दर वर्षी साधारण दोन हजार टन जुना दारूगोळा निघतो, आणि तरी सामान्य नागरिक त्यात मरण्याचं प्रमाण किती? रस्ता ओलांडताना त्याहून कितीतरी जास्त मरतात. टाकलेल्या बॉम्बपैकी दहा-पंधरा टक्के फुटलेच नाहीत असं धरतात, म्हणजे शोधायला निघालात तर आख्खी शहरं खणावी लागतील. कोण राहणार तिथं तोपर्यंत? आणि ते फोटो बॉम्बफेक झाल्यावर नुकसान मोजायला काढलेले, त्यात न फुटलेल्या बॉम्बचं भोक म्हणजे एक बारीक काळा ठिपका, सावली पडली असेल किंवा शेजारच्या स्फोटाची माती वर आली असेल तर तोही नाही. ठिपक्यावर विश्वास ठेवून लोकांच्या अंगणात ड्रिल घुसवायचं?

सिव्हिलवाला
दोघांचंही अर्धं बरोबर आहे. मी बांधकामातला आहे म्हणून सांगतो. जर्मनीत बऱ्याच ठिकाणी संशयित भागात बांधायचं असेल तर आधी जमीन तपासून दाखला घ्यावा लागतो. जुने फोटो बघतात, मग ठरावीक अंतरावर बोअर मारून पाइप टाकतात आणि पाइपमधून मॅग्नेटोमीटर खाली सोडतात, लोखंड असेल तर कळतं. आता धोका मुख्यतः कशाने येतो? खणण्याने, पायलिंगने (पायासाठी खांब जमिनीत ठोकण्याने), हादऱ्याने. मग जिथं खणणार तिथं तपासा, जिथं नाही तिथं राहू द्या. हे धोरण वेडेपणाचं नाहीये, पैसा जिथं लागतो तिथंच जातो.

कमी पडतं ते अंमलबजावणीत. डिसेंबर २०२१ मध्ये म्युनिकला रेल्वेच्या नव्या मार्गाच्या कामात ड्रिल थेट २५० किलोच्या बॉम्बला लागलं, चार जण जखमी, आणि मग मंत्री म्हणतात आधी का सापडला नाही याची चौकशी करू. त्याच्या आधी जानेवारी २०१४ ला ऑयस्किर्शेनमध्ये तर राडारोड्याच्या यार्डात एक्स्कॅव्हेटर चालवणारा बिचारा जागच्या जागी गेला. राडारोडा! त्या यार्डाखालची जमीन कितीही तपासली असती तरी काय उपयोग, माल तर बाहेरून येतो.

सुतळीबॉम्ब
@सिव्हिलवाला "खणलं तरच धोका" हे गृहीतकच मला पटत नाही, आणि धाग्याचा मुद्दाही तोच आहे. २३ जून २०१९ ला जर्मनीत लिंबुर्गजवळ आल्बाख गावाच्या शेतात मध्यरात्रीनंतर आपोआप स्फोट झाला, उभ्या पिकात दहा मीटर रुंद आणि चार मीटर खोल खड्डा. कुणी खणत नव्हतं, कुणी जवळपासही नव्हतं म्हणून वाचले. २ ऑक्टोबर २०२४ ला जपानच्या मियाझाकी विमानतळावर टॅक्सीवेच्या कडेला अमेरिकन बॉम्ब असाच फुटला, थोड्याच वेळापूर्वी तिथून विमान गेलेलं. आणि त्या विमानतळावर आधीही बॉम्ब सापडलेले होते बरं का.

हे का होतं ते जरा समजून घ्या, कारण सगळे बॉम्ब सारखे नसतात. साधा आपटून फुटणारा फ्यूज (बॉम्बचा स्फोट घडवणारी कळ) न चालल्यामुळे राहिलेला बॉम्ब एक वेळ तुलनेने शांत असतो. पण दोस्तांनी, म्हणजे अमेरिका-ब्रिटनने, मुद्दाम उशिरा फुटणारेही टाकले होते, म्हणजे हल्ला संपला, लोक तळघरातून बाहेर आले, आग विझवायला आले की तेव्हा फुटावेत. त्यात काचेच्या कुपीत अॅसिटोन, ती फुटली की अॅसिटोन सेल्युलॉइडच्या चकत्या विरघळवतं, चकती गेली की स्प्रिंग सुटते आणि टोचणी डिटोनेटरवर, म्हणजे स्फोट सुरू करणाऱ्या भागावर, आपटते. चकती किती जाड त्यावर तास ठरायचे, काही तास ते जवळजवळ सहा दिवस. आता बॉम्ब मऊ मातीत शिरून खालच्या कठीण थराला आपटून वळला आणि नाक वर करून बसला, तर शेपटीकडच्या फ्यूजमधलं अॅसिटोन चकतीपासून लांब ओघळतं. सहा दिवसांचं काम मग दशकानुदशकं चालतं, सेल्युलॉइड नुसतं जुनं होऊन ठिसूळ होत जातं. म्हणजे घड्याळ बंद पडलेलं नाहीये, सावकाश चाललंय. वरून फ्यूज उलटा फिरवून काढायला गेलं तर फुटावा अशी सोय काहींत केलेलीच असते.

बर्लिनच्या उत्तरेला ओरानियनबुर्ग आहे, तिथं हे सगळं एकत्र आलंय. १५ मार्च १९४५ ला सहाशेवर अमेरिकन विमानांनी दुपारी दीड हजार टनांवर बॉम्ब टाकले, कारण तिथं युरेनियमवर प्रक्रिया करणारा कारखाना होता आणि तो रशियनांच्या हाती लागू द्यायचा नव्हता. उशिरा फुटणारे फ्यूज भरपूर, वर मऊ वाळू, खाली गोटे. १९९० पासून दोनशेवर बॉम्ब काढले तिथं, अजून शोधतायत. मुद्दाम शोधतायत, वाट बघत बसलेले नाहीत. तेच मी म्हणतोय.

निवांत
ओरानियनबुर्गचं उदाहरण दिलंत ना, मग पूर्ण द्या की. २०१३ ला तिथं एका माणसाच्या घराखालीच बॉम्ब निघाला, निकामी करता येईना, मग तिथंच फोडला. घर गेलं. वीसेक वर्षं राहत होता तो तिथं. शोधला नसता तर? कदाचित त्याच्या हयातीत काहीच झालं नसतं. कदाचित झालं असतं. पण घर मात्र नक्की गेलं, आणि ते बॉम्बने नाही, शोधमोहिमेने घालवलं.

दुसरं, हे काढतात ती माणसं. १ जून २०१० ला ग्योटिंगेनला पथकातले तीन जण गेले, अजून काम सुरूसुद्धा केलं नव्हतं, तयारी चालू होती. तोच उशिराचा फ्यूज. तुम्ही म्हणता सगळीकडे शोधा, म्हणजे या लोकांना आणखी किती वेळा खड्ड्यात उतरवायचं? आरामात बसून "शोधा" म्हणणं सोपं आहे, उतरणारा वेगळा असतो.

चिकित्सक
@निवांत ग्योटिंगेनचा मुद्दा उलटाही लागतो हो. जितका उशीर तितका फ्यूज जास्त खराब, तितका उतरणाऱ्याला धोका जास्त. आज काढला तर आजचं पथक धोक्यात, तीस वर्षांनी काढला तर त्या वेळचं पथक जास्त धोक्यात. कधीच काढायचा नाही असं तर कुणी म्हणत नाहीये ना? शिवाय फ्यूज सोडा, आतल्या मालाचंही तेच. नॉर्वेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये जुन्या दारूगोळ्यातलं अॅमाटॉल (एक स्फोटक मिश्रण) तपासलं, ते काळाबरोबर आघाताला जास्त संवेदनशील झालेलं आढळलं. TNT मात्र तसं टिकाऊ निघतं. म्हणजे "जुना झाला, मेला" हे विसरायचं.

बाकी आता सगळीकडे माणूस पाना घेऊन बसत नाही. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने फ्यूज कापून काढतात, ती मशीन लांबून चालवता येते. धोका शून्य होत नाही पण २०१० चं चित्र आजच्याला लावू नका.

ऱ्हाइनकाठ
मी कोलोनमध्ये राहते, ४ जूनला आमची गल्ली रिकामी करायच्या वर्तुळात होती म्हणून लिहिते, एरवी फक्त वाचते. आठ वाजता माणसं दारोदार येऊन बघून जायला लागली. माझी सासू ८१ वर्षांची, ती म्हणाली हे मी लहानपणी ऐकलं होतं तेव्हा लोक तळघरात पळायचे, आता शाळेच्या हॉलमध्ये बसवतात आणि कॉफी देतात. दिवसभर बसून राहिलो, एका आजोबांची औषधं घरी राहिली म्हणून गोंधळ झाला, बाकी सगळं शिस्तीत. जुन्या शहरात एक जण घर सोडायलाच तयार नव्हता, त्याच्यामुळे सगळ्यांचं काम पुढे गेलं, संध्याकाळी सातच्या सुमारास निकामी झाल्याचं कळलं.

माझं मत सुतळीबॉम्बच्या बाजूने आहे पण वेगळ्या कारणाने. अचानक सापडला की अचानक बाहेर पडावं लागतं. ठरवून शोधला तर तारीख ठरवता येते, सुट्टी बघता येते, हॉस्पिटलला पेशंट हलवायला वेळ मिळतो. २०१७ ला फ्रँकफर्टला १.८ टनी ब्रिटिश बॉम्बसाठी साठ हजारांवर लोक रविवारी हलवले, त्यात दोन हॉस्पिटलं होती, अपुऱ्या दिवसांची बाळं होती. ते जमलं कारण मधे चार-पाच दिवस मिळाले. उशिराच्या फ्यूजला कुणी इतके दिवस देत नाही, सापडला की बहुतेक त्याच दिवशी.

तिरकस
आणि ज्याने घर सोडलं नाही त्याला शिव्या घालणं सोपं आहे. स्वतःच्या जिवाचा धोका स्वतः घ्यायचा असेल तर घेऊ द्या की.

ऱ्हाइनकाठ
@तिरकस तो घरात असेपर्यंत पथक काम सुरू करत नाही, म्हणजे तो वीस हजार लोकांचा दिवस धरून बसलेला असतो. त्याच्या एकट्याच्या जिवाचा प्रश्न राहतच नाही.

बेरीजवजाबाकी
सगळं ठीक, पैसे कोण देणार यावर कुणीच बोलत नाहीये आणि खरी मेख तिथंच आहे. जर्मनीत वर्षानुवर्षं हिशोब असा की जुन्या जर्मन राइखचा (म्हणजे त्या वेळच्या जर्मन सरकारचा) दारूगोळा निघाला तर केंद्र पैसे देणार, दोस्तांचा निघाला तर राज्य बघेल. यावरून किती कागद काळे झाले असतील. वरून तपासणीचा खर्च बऱ्याचदा जमीनमालकाच्या डोक्यावर. मग कुठला मालक हौसेने म्हणेल की या, माझं अंगण तपासा?

इंग्लंडचं ऐका. एक्सेटरला फेब्रुवारी २०२१ मध्ये एक टनाचा जर्मन बॉम्ब निघाला, १९४२ ला टाकलेला. हलवता येण्यासारखा नव्हता म्हणून वाळूचा ढीग करून जागेवरच फोडला, विद्यापीठाच्या हॉस्टेलच्या इमारतींचं नुकसान झालं. विद्यापीठ विम्याकडे गेलं तर कंपनी म्हणाली पॉलिसीत युद्धामुळे झालेलं नुकसान वगळलेलं आहे. विद्यापीठ म्हणे युद्ध संपून पाऊणशे वर्षं झाली, स्फोट तर आत्ता पथकाने केला. कोर्टाने कंपनीची बाजू घेतली, अपीलमध्येही २०२३ ला तेच कायम. म्हणजे २०२१ ला तुमची भिंत पडली तरी कायद्याने ती १९४२ च्या विमानाने पाडली. आता सांगा मालकाने काय करायचं. गप्प बसणंच त्याला परवडतं.

सुतळीबॉम्ब
@बेरीजवजाबाकी बरोबर, म्हणूनच हे मालकावर सोडताच कामा नये. युद्ध सरकारांनी केलं, बिल सरकारने भरावं.

दूरदेशी
तुमची चर्चा वाचून जरा कीव येते. दिवसभर हॉलमध्ये कॉफी पिऊन घरी जाणाऱ्यांबद्दल एवढं? लाओसमध्ये १९६४ ते १९७३ मध्ये वीस लाख टनांवर बॉम्ब पडले, त्यातल्या क्लस्टर बॉम्बमधून सुटलेले छोटे गोळे २७ कोटी, त्यातले आठ कोटींच्या आसपास फुटलेच नाहीत. चेंडूएवढे असतात, मुलं उचलतात. युद्ध संपल्यावर वीस हजारांवर लोक मेले किंवा जायबंदी झाले. तिथं वर्तुळ आखून कुणाला बाहेर काढणार, शेत तेच, घर तेच, आणि भात लावायला तर खणावंच लागतं. जगातली चांगली मशीनं आणि माणसं आधी तिथं जायला हवीत.

निवांत
@दूरदेशी हे मात्र शंभर टक्के. म्हणूनच म्हणतो श्रीमंत शहरांनी "जमिनीत बहुतेक आहे" म्हणून कोट्यवधी उधळू नयेत.

चिकित्सक
पण कोलोनने वाचवलेला पैसा लाओसला जातो असं कधी झालंय का? हे दोन वेगळे खिसे आहेत. आणि लाओसमध्ये नेमकं सुतळीबॉम्ब म्हणतोय तेच चालतं, पट्टे आखून डिटेक्टर घेऊन एकेक शेत साफ करत जातात. सापडेल तेव्हा बघू असं तिथं म्हणून दाखवा.

सिव्हिलवाला
मधला रस्ता सुचवतो. सगळं शहर नको. जिथं उशिराचे फ्यूज टाकल्याची नोंद आहे, माती मऊ आहे, आणि वर शाळा, हॉस्पिटल किंवा गॅसची मोठी लाइन आहे, तेवढ्या जागा आधी. बाकी बांधकामाच्या वेळी. राडारोड्याला मात्र वेगळा नियम हवा, क्रशरमध्ये जायच्या आधी तपासणी.

सुतळीबॉम्ब
एवढं झालं तरी मी खुश. फक्त "बाकी" यादीत टाकलेल्या भागातल्या लोकांना सांगा की तुमच्या खाली ठिपका आहे. आत्ता ते नकाशे ऑफिसात पडून असतात आणि घर विकत घेणाऱ्याला पत्ताच नसतो.

निवांत
ठिपका आहे सांगितलं की त्या घराची किंमत दुसऱ्या दिवशी निम्मी. बॉम्ब निघाला नाही तरी. ती भरपाई कोण देणार, तेही सरकार? मला आधी लेखी द्या की घर पाडावं लागलं तर पूर्ण पैसे मिळतील, नाही निघाला तर अंगण होतं तसं करून मिळेल. त्याशिवाय मी तरी ड्रिलवाल्याला फाटक उघडणार नाही.

ऱ्हाइनकाठ
फाटक तुम्ही नाही उघडायचं, पोलीस उघडतात. पण लेखी मागा, ते चुकीचं नाहीये.