मदत हवी आहे: महापूजेचं रेकॉर्डिंग कापलं, आता आवाज मागे पडतोय

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरचे. गुडघ्यांमुळे आत्याची वारी बंद झालीय, म्हणून आषाढीला पहाटे सह्याद्रीवर लागलेली विठ्ठलाची शासकीय महापूजा फ्री डिशच्या बॉक्समधून पेनड्राइव्हवर घेतली. तिच्या डीव्हीडी प्लेअरला यूएसबीचं तोंडच नाही, त्यामुळे डिस्क करून देणं भाग आहे. (नवा टीव्ही घ्या म्हणू नका, तो विषय घरात काढून झालाय.)

पेनड्राइव्ह फॅट३२ होता (या फॉरमॅटमध्ये ४ जीबीहून मोठी फाईल मावत नाही), त्यामुळे ४ जीबीला फाईल तुटली अन् रेकॉर्डिंगच्या टीएस फाईलचे दोन तुकडे झाले. चित्र एमपीईजी-२, ७२०×५७६. आवाज एमपी२, ४८ किलोहर्ट्झ. एव्हीडीमक्स या व्हिडिओ कापायच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही तुकडे जोडले, जाहिराती उडवल्या, 'कॉपी'वर ठेवून (म्हणजे पुन्हा एन्कोड न करता) सेव्ह केलं. कापताना आय-फ्रेमच (पूर्ण चित्र असलेली फ्रेम) धरली होती.

पहिली चाळीस मिनिटं झकास. मग पाऊस आला, छत्रीचा सिग्नल दोन-तीनदा गेला, चित्राच्या चौकटी झाल्या. तिथून पुढं आवाज दोन सेकंद मागे. मूर्तीवर दूध पडून जातं अन् मंत्र नंतर ऐकू येतो. आत्या म्हणाली, "पांडुरंग पंढरपुरात अन् भटजी सोलापुरात बसलेत का रे?"

गंमत म्हणजे मूळ फाईल कॉम्प्युटरच्या व्हीएलसी प्लेअरवर नीट चालते. सगळं नव्यानं एन्कोड करून बघितलं. जुना डेस्कटॉप रात्रभर घरघरला, आवाज तिथंच. चार डिस्का वाया गेल्या. काय करू?

प्रतिसाद १:
दोष कापण्यात नाही, पावसात आहे. सिग्नल गेला तेव्हा चित्राच्या फ्रेम जास्त गळाल्या, आवाज कमी गळाला. व्हीएलसी फाईलमधल्या प्रत्येक पॅकेटवरची (छोट्या तुकड्यावरची) वेळ बघून मेळ घालतं. तुम्ही जोडून सेव्ह केलंत तेव्हा त्या मोकळ्या जागा मिटल्या, चित्र आखूड झालं आणि पुढं पळालं. एन्कोड करून ते भरून येत नाही.
मूळ दोन्ही तुकडे प्रोजेक्टएक्स या सॉफ्टवेअरमध्ये एकाच कलेक्शनमध्ये (यादीत) क्रमानं घाला आणि डीमक्स करा, म्हणजे चित्र अन् आवाज वेगळे काढा. जावा लागतं, दिसायला ओबडधोबड आहे, पण वेळेच्या हिशोबानं आवाज बरोबर बसवतं. जाहिराती तिथंच कापा. तुमचं चित्र-आवाज डीव्हीडीला चालणारंच आहे, तेव्हा डीव्हीडीस्टायलरमध्ये (डीव्हीडी बनवायचं सॉफ्टवेअर) पुन्हा एन्कोड करू नका.

प्रतिसाद २:
४.७ जीबीची डिस्क कॉम्प्युटरवर ४.३८च दिसते, तेवढ्यात बसवा. आधी रीरायटेबलवर (पुसून पुन्हा वापरता येते ती डिस्क) बर्न करून बघा, म्हणजे डिस्का वाचतील.

धागाकर्ता:
जमलं! प्रोजेक्टएक्सनं वीस मिनिटांत काम केलं. पावसाच्या जागी चित्र क्षणभर अडकतं, पण दूध अन् मंत्र एकदम. सध्या रीरायटेबलवर आहे. आत्याचा प्लेअर ती घेतो का, ते संध्याकाळी जाऊन बघतो.