चवथीनंतर युरोप, स्वतः गाडी चालवत: पॅरिस ते रोम १३ दिवसांत जमेल का?

डिचोलीकरीण

नमस्कार मंडळी,

चवथ आटोपली की सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं युरोपला जायचं म्हणतोय. मी, हे, चौदा वर्षांचा मुलगा आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई. टूरवाल्यांबरोबर जायचं नाही, हे घरात एकमताने ठरलेली आजवरची एकमेव गोष्ट. मागे एकदा गेलो होतो, तेव्हा पहाटे सहाला बसमध्ये कोंबायचे आणि चांगली जागा आली की "वीस मिनिटं, फोटो काढा नि या." सासूबाई बसमधून उतरून चपला नीट करेपर्यंत वीस मिनिटं संपायची.

म्हणून गाडी भाड्याने घ्यायची. चालवणार मी. डिचोली-पणजी रोजचं आहे आणि बहिणीकडे बेळगावला जायचं तर चोर्ला घाटातून मीच नेते, पावसातसुद्धा. ह्यांना स्टिअरिंग दिलं की जांभया सुरू होतात.

मुलाने नकाशावर आखलंय ते असं: पॅरिसला गाडी घ्यायची, मग इंटरलाकेन, म्युनिक, प्राग, व्हिएन्ना, व्हेनिस आणि रोमला गाडी सोडायची. अंतर साधारण २,८०० किलोमीटर, हातात १३ दिवस. मला शहरांपेक्षा रस्ते बघायचेत. डोंगर, तळी, वाटेत थांबून चहा. हे जमेल का? उजव्या बाजूने चालवणं किती कठीण? आणि व्हिसा नेमका कोणत्या देशाचा मागायचा? कृपया जाऊन आलेल्यांनीच सांगा. यूट्यूब बघून झालंय.

घाटवाट, फोंडा

ताई, रस्ते बघायचेत म्हणता आणि यादी सगळी शहरांची! पॅरिस ते रोम केलंत तर टूरवाल्याची बस तुम्हीच चालवणार, फरक एवढाच. शिवाय एका देशात घेतलेली गाडी दुसऱ्या देशात सोडली की त्याचे वेगळे पैसे लावतात, आणि ते एवढे असतात की कधीकधी भाड्याच्याही वर जातात. जिथे घेतली तिथेच परत करा.

मी दोनदा गेलोय, दोन्ही वेळा म्युनिकहून म्युनिक. तुम्हाला जुळेल अशी वाट सांगतो. म्युनिकहून खाली ऑस्ट्रियात, तिथे ग्रोसग्लॉकनरचा घाटरस्ता. तिथून स्लोव्हेनिया, मग इटलीचे डोलोमाइट्स, स्टेल्व्हिओ घाट, आणि रेशन खिंडीतून परत. सगळं मिळून १,२०० किलोमीटरच्या आसपास. कमी वाटतं ना? पण घाटात तासाला चाळीसच्या वर सरासरी पडत नाही आणि तुम्हाला चहाला थांबायचंय.

ग्रोसग्लॉकनर हा नुसता रस्ता नव्हे, तेच बघायचं ठिकाण. ४८ किलोमीटर, ३६ मोठी वळणं, १९३५ साली खुला झाला. माथ्यावर २,५०४ मीटर. आपल्या गोव्यातला सगळ्यात उंच डोंगरही १,२०० मीटरच्या आत आहे, त्यावरून अंदाज घ्या. टोल अंगावर येतो, गाडीमागे चाळीस-पंचेचाळीस युरो, पण तेवढ्यात दिवसभर वर राहता येतं. रात्री बंद असतो. सकाळी लवकर चढा, दहानंतर मोटारसायकलवाल्यांची जत्रा लागते.

स्लोव्हेनियातला व्हर्शिच मला त्याहून आवडला. उंची १,६११ मीटरच, पण वळणं पन्नास, प्रत्येकाला नंबर, आणि क्रान्स्का गोराच्या बाजूच्या वळणांवर अजून दगडी फरसबंदी आहे. पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांकडून हा रस्ता बांधून घेतला. १९१६च्या मार्चमध्ये हिमकडा कोसळून त्यातले कितीतरी गाडले गेले. वाटेत त्यांच्या आठवणीला लाकडी चॅपल आहे, तिथे थांबाच. पलीकडे उतरलं की सोचा नदी. तिच्या पाण्याचा रंग सांगून पटत नाही, फोटो दाखवला तर लोक म्हणतात रंगवलाय.

स्टेल्व्हिओ २,७५७ मीटर, प्राटोच्या बाजूने ४८ हेअरपिन. एक दिवस हाताशी मोकळा ठेवा, कारण सप्टेंबरअखेरही बर्फ पडून हे उंच घाट दिवसभर बंद होऊ शकतात. सकाळी निघायच्या आधी चालू आहे का ते बघायचं. वरून सरळ बोर्मिओला न जाता उम्ब्राइल खिंडीतून वळा, म्हणजे स्वित्झर्लंडच्या एका कोपऱ्यातून जाता आणि तिथला महामार्ग लागत नाही. लागला असता तर टोलपोटी ४० फ्रँकचं वर्षाचं स्टिकर घ्यावं लागलं असतं, कारण त्यांच्याकडे आठवड्याचं मिळतच नाही. ऑस्ट्रियाच्या महामार्गांना दहा दिवसांचं मिळतं. ते परतीपर्यंत संपलेलं असेल, मग शेवटच्या दिवसापुरतं एक दिवसाचं घ्या. ह्या सगळ्याला तिकडे व्हिनिएट म्हणतात.

उजव्या बाजूचं म्हणाल तर पहिले दोन तास वळण घ्यायच्या वेळी वायपर चालू होतात, कारण इंडिकेटरची दांडी डाव्या हाताला. सरळ रस्त्यावर काही वाटत नाही, चूक होते ती पेट्रोल भरून किंवा पार्किंगमधून बाहेर पडताना, रस्ता रिकामा असला की. तेव्हा शेजारी बसणाऱ्याने "उजवीकडे" म्हणायचं, हे काम मुलाला द्या. सर्कलमध्ये आधीच आत असलेल्याला वाट द्यायची. म्हणजे आपल्याकडे करतो त्याच्या बरोबर उलट. ऑटोमॅटिक गाडीच घ्या. उतारावर मात्र तीही हाताने खालच्या गिअरला टाका, नाहीतर ब्रेकचा वास येतो. चोर्ला उतरणारीला मी हे काय सांगू.

कागदपत्रवाला

व्हिसाचं सांगतो. जास्त रात्री ज्या देशात त्याच्याकडे अर्ज. सगळीकडे सारख्याच असतील तर जिथे आधी उतरता त्याच्याकडे. घाटवाट म्हणतात त्या वाटेने गेलात तर बहुतेक इटलीत जास्त रात्री पडतील, म्हणजे विमान म्युनिकला उतरलं तरी अर्ज इटलीचा. पुष्कळ लोक इथे चुकतात. फी मोठ्यांना ९० युरो, आणि तुमचा मुलगा चौदाचा म्हणजे त्यालाही तेवढीच. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो, चवथीचं सामान आणायच्या वेळी धावपळ करू नका. ज्या देशाचा व्हिसा मागणार त्याचा अर्ज पणजीत घेतात की मुंबई गाठावी लागते ते आधी बघून ठेवा.

आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, वर्षभर चालतो. मूळ लायसन्सही बरोबर पाहिजे, नुसतं ते पुस्तक दाखवून चालत नाही. आणि गाडी बुक करताना कोणकोणत्या देशांत नेणार ते लिहून घ्या, नाहीतर सीमेपलीकडे विमा लागू नाही म्हणतील.

म्हापसेकर

एक अनुभव. इटलीतल्या एका जुन्या शहरात हॉटेल शोधत गल्लीत शिरलो. पांढऱ्या पाटीवर लाल गोल होता, मला वाटलं पार्किंगचं काहीतरी असेल. ती "झोना ट्राफिको लिमिटातो", म्हणजे तिथे बाहेरच्या गाड्यांना मज्जाव, आणि वर कॅमेरा. मी हॉटेल सापडेना म्हणून त्याच गल्लीतून तीनदा फिरलो. गोव्यात परतल्यावर कित्येक महिन्यांनी घरी पत्रं आली. तीन. शिवाय माझं नाव-पत्ता पोलिसांना कळवला म्हणून गाडीवाल्याने प्रत्येक वेळी कार्डातून वेगळे पैसे कापले, ते निराळेच. बायको अजून ऐकवते. गाडी गावाबाहेर लावा नि चालत जा.

आणि सप्टेंबरअखेर म्युनिकला ऑक्टोबरफेस्ट असतो. नाव ऑक्टोबरचं, पण सुरू सप्टेंबरातच होतो. हॉटेलांचे भाव विचारू नका. पहिली रात्र शहराबाहेर विमानतळाच्या बाजूला काढा.

घाटवाट, फोंडा

राहिलंच. रेशन खिंडीच्या अलीकडे एक तळं लागतं, त्यात नुसता चर्चचा मनोरा उभा. १९५० साली धरणासाठी ग्राऊन नावाचं गाव बुडवलं, इटालियनमध्ये त्याला कुरोन म्हणतात. घरं पाडली, चौदाव्या शतकातला मनोरा तेवढा ठेवला. २०२१ मध्ये दुरुस्तीसाठी पाणी उतरवलं तेव्हा घरांच्या पायऱ्या, भिंती वर आल्या होत्या. आपल्या साळावली धरणात बुडालेल्या कुर्डीसारखंच म्हणा ना.

डिचोलीकरीण

सगळ्यांना देव बरें करूं. काल रात्री घरात वाचून दाखवलं. मुलगा आयफेल टॉवरसाठी तासभर रुसला, मग ४८ हेअरपिनवर राजी झाला.

आणि घाटवाट, तुम्हाला माहीत असायचं कारण नाही, पण सासूबाई कुर्डीच्याच. साळावलीचं धरण झालं तेव्हा त्यांचं लग्न झालेलं होतं, माहेर मात्र पाण्याखाली गेलं. दर मे महिन्यात पाणी उतरलं की सोमेश्वराच्या देवळाकडे जायचं म्हणून भावांना फोन सुरू होतात. देवळाकडून उजवीकडे किती पावलांवर त्यांचं अंगण, हे त्या अजून मोजून दाखवतात. मी मनोऱ्याचा फोटो दाखवला. बराच वेळ धरून बसल्या. मग विचारलं, "तिथली माणसं कुठे गेली?" मला सांगता आलं नाही.

आता वाट ठरली. म्युनिकजवळ एक रात्र, ग्रोसग्लॉकनरखाली दोन, स्लोव्हेनियात तीन, डोलोमाइट्समध्ये चार, आणि ह्या तळ्याकाठी दोन. एकूण बारा रात्री, इटलीत सहा, म्हणजे अर्ज इटलीचाच ना? तळ्याकाठी स्वयंपाकघर असलेली खोली मिळेल का तेवढं सांगा. उकडे तांदूळ आम्ही नेतोय.

घाटवाट, फोंडा

हो, इटलीचाच. गावाने काठावर वरच्या अंगाला नवीन वस्ती केली, ताई, काही तिथेच राहिले, पुष्कळजण सोडून गेले. सांगा त्यांना. खोल्या त्या नव्या गावातच मिळतात, स्वयंपाकघरासकट. खिडकी तळ्याच्या बाजूची मागा. तूप मात्र नेऊ नका, दुधाचे पदार्थ तिकडे विमानतळावर काढून घेतात.