अमेरिकेतलं उपनगरी पब्लिक हायस्कूल: नववी झालेल्या मुलाचा प्रवेश

कडेपठार
मुलाची महाराष्ट्र बोर्डाची नववी (सेमी-इंग्रजी) झाली आहे. ऑगस्टच्या सुरुवातीला एच-फोर (नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांच्या कुटुंबाचा) व्हिसावर अमेरिकेत येणार. घर अजून ठरलेलं नाही, उपनगरात भाड्याने घ्यायचंय. पत्त्यावरून शाळा ठरते म्हणजे नेमकं कसं? आणि एका गावची शाळा नावाजलेली, लागूनच्या गावची यथातथा, असं का होतं? निघण्याआधी कोणते कागद तयार ठेवावेत? तो थेट दहावीत बसेल ना, विषय कसे निवडायचे? शाळेतला दिवस कसा असतो हेही कोणी लिहिलंत तर बरं. चांगल्या शाळांची यादी नको, ती सगळीकडे मिळते.

पाणवठा
पत्त्यावरून आधी डिस्ट्रिक्ट ठरतं, मग त्यातली शाळा. डिस्ट्रिक्ट ही फक्त शाळा चालवणारी स्थानिक संस्था, आणि तिच्या सीमा गावाच्या हद्दीशी जुळतीलच असं नाही. टपालाच्या पत्त्यात एका गावाचं नाव आणि शाळा भलत्याच डिस्ट्रिक्टची, हे सर्रास होतं. एकाच रस्त्याच्या दोन बाजू दोन शाळांकडे जातात. घरांच्या जाहिरातीत लिहिलेली शाळा पुष्कळदा चुकीची किंवा जुनी असते. म्हणून करारावर सही करण्याआधी घर क्रमांकासह पूर्ण पत्ता डिस्ट्रिक्टच्या नोंदणी कार्यालयाला कळवून लेखी उत्तर घ्या. धाकटं भावंड असेल तर हेही बघा: इलिनॉय, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत काही ठिकाणी हायस्कूलचं डिस्ट्रिक्ट प्राथमिकपेक्षा वेगळं असतं. तिथे नोंदणी दोनदा करावी लागते.

आता फरक का. पहिलं सार्वजनिक हायस्कूल बॉस्टनमध्ये १८२१ साली निघालं. पण गावाच्या करातून हायस्कूल चालवता येतं का, हा वाद बराच काळ चालला. १८७४ मध्ये कॅलमझू खटल्यात मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘येतं’ म्हटलं, आणि इतर राज्यांनी तो निकाल प्रमाण मानला. त्यामुळे हायस्कूलचा खर्चही गावाच्या मालमत्ता कराला बांधला गेला.

तुम्ही बघाल त्या बहुतेक उपनगरी शाळा मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरच्या. परत आलेल्या सैनिकांना सरकारी हमीची गृहकर्जं मिळाली, लाँग आयलंडवर १९४७ पासून लेव्हिटटाउन उभं राहिलं, १९५६ च्या कायद्याने महामार्ग आले आणि शेतजमिनींवर वसाहती झाल्या. मुलं वाढली तशा १९५० ते ७० च्या दरम्यान लांबट, बसक्या विटांच्या इमारती भराभर बांधल्या गेल्या. या घरांतून कृष्णवर्णीय कुटुंबांना पद्धतशीर वगळलं होतं. लेव्हिटटाउनच्या सुरुवातीच्या करारांत ती अट चक्क छापलेली असे.

१९५४ च्या ब्राउन निकालाने वर्णभेदी शाळा बेकायदा ठरल्या. पण १९७३ मध्ये रॉड्रिगेझ खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की मालमत्ता करामुळे होणारी खर्चातली विषमता संघराज्याच्या घटनेविरुद्ध नाही. १९७४ मध्ये डेट्रॉइटच्या मिलिकन खटल्यात ठरलं की उपनगरांच्या डिस्ट्रिक्टचा स्वतःचा दोष सिद्ध झाल्याशिवाय त्यांना शहराच्या, गोरी-काळी मुलं एकत्र बसवण्याच्या योजनेत ओढता येणार नाही. सीमा पक्क्या झाल्या त्या इथे. राज्यांच्या अनुदानाने पुढे दरी थोडी बुजली, पण घरांच्या किमती आजही सीमेप्रमाणे चढतात-उतरतात.

त्यामुळे संकेतस्थळांवरचे दहापैकी गुण जपून वाचा. ते बरेचसे चाचण्यांच्या निकालांवर असतात, आणि निकाल पालकांच्या उत्पन्नावर. त्यापेक्षा शाळेची विषयपुस्तिका उघडा: गणित कॅल्क्युलसच्या पुढे जातं का, नवागतांना ऑनर्स (वरच्या पातळीचे) वर्ग खुले आहेत का, एका काउन्सेलरकडे (विषय निवडायला मदत करणाऱ्या शाळेतल्या सल्लागाराकडे) किती विद्यार्थी आहेत. काउन्सेलरांची संघटना एकाला २५० अशी शिफारस करते. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी आकडा याहून बराच मोठा असतो.

तळटीप
कागदांचं. राहत्या पत्त्याचा पुरावा (पालकांच्या नावाचा भाडेकरार, वर विजेचं किंवा पाण्याचं बिल), मुलाचा पासपोर्ट किंवा जन्मदाखला, आठवी-नववीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, लसीकरणाची नोंद. व्हिसाच्या स्थितीवरून शाळेने प्रवेश अडवू नये, हे १९८२ च्या प्लायलर निकालापासून पक्कं आहे. सोशल सिक्युरिटी क्रमांकही सक्तीचा नाही. मित्राकडे उतरणार असाल तर मित्राचा करार आणि नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र लागतं. हॉटेल किंवा अल्पमुदतीचं भाडं काही ठिकाणी चालत नाही.

गुणपत्रिकेबरोबर मुख्याध्यापकांकडून लेटरहेडवर इंग्रजीत एक पत्र घ्या: विषयांची नावं, आठवड्याच्या तासिका, इंग्रजी हा पूर्ण वर्षाचा विषय होता हे, आणि गुणांची मोजपट्टी. बोर्डात ७५ ला विशेष प्रावीण्य, ६० ला प्रथम श्रेणी, ३५ ला उत्तीर्ण. ही पट्टी जोडली नाही तर ७२ टक्क्यांचा सरळ ‘सी’ होतो आणि नंतर बदलून घेणं जिकिरीचं जातं.

सगळ्यात जास्त अडकतं लसीकरण. अमेरिकेत गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन डोस लागतात आणि पहिला वाढदिवस व्हायच्या आधी दिलेला डोस मोजत नाहीत. म्हणजे आपली नवव्या महिन्याची लस बाद. सरकारी कार्यक्रमातल्या एमआर (गोवर-रुबेला) लसीत गालगुंड नसतं, त्यामुळे तीही अपुरी. कांजिण्यांचे दोन डोस आपल्याकडे अनेकांनी घेतलेलेच नसतात. शिवाय पोलिओ, हिपॅटायटिस बी आणि मोठ्या मुलांसाठीचा टीडॅप (धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकला). बऱ्याच राज्यांत मेनिंगोकोकलही (मेंदूज्वराची लस). तारखा लिहिताना महिना अक्षरात लिहून घ्या. ०५/०८ म्हणजे आपली ५ ऑगस्ट, तिथली ८ मे. डोसांमधलं अंतर चुकीचं मोजलं जाऊन चांगला डोस रद्द होतो.

कडेपठार
ही लसींची गोष्ट कोणीच सांगितली नव्हती. मग राहिलेले डोस भारतातच घ्यायचे का?

तळटीप
हो, भारतातच. एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) आणि कांजिण्या या दोन्ही जिवंत लसी. त्या एकाच दिवशी घ्या, नाहीतर मध्ये किमान २८ दिवस जाऊ द्या. तेरा वर्षांवरच्या मुलाला दुसरा डोसही २८ दिवसांनी चालतो. जूनमध्ये पहिली जोडी, जुलैत दुसरी, असं सहज बसतं. काही ठिकाणी क्षयाची तपासणी मागतात. बीसीजीमुळे त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, तेव्हा रक्ताची आयग्रा चाचणी मागा. ती जिवंत लसीच्याच दिवशी करा किंवा चार आठवडे थांबा, मधल्या काळात निकाल फसवा येऊ शकतो.

नोंदणीच्या वेळी घरच्या भाषेचा फॉर्म भरावा लागतो. मराठी लिहिलं की इंग्रजीची चाचणी होते. ती टाळायला ‘इंग्रजी’ लिहा असा सल्ला फिरत असतो, तो मानू नका. सेमी-इंग्रजीचा मुलगा वाचन-लेखनात निघून जातो, अडतो तो ऐकण्यात. महिनाभर अमेरिकी उच्चारातली व्याख्यानं ऐकवली तरी फरक पडतो. भाषेचा जादा वर्ग लागलाच तर एका ऐच्छिक विषयाची जागा जाते.

त्रैराशिक
इयत्ता वयापेक्षा क्रेडिटवर ठरते. नववीची क्रेडिट धरली तर दहावी. एक क्रेडिट म्हणजे साधारण वर्षभराचा एक विषय. याचं मूळ १९०६ च्या कार्नेगी युनिटमध्ये, १२० तासांच्या हिशेबात. आकडे मात्र राज्यागणिक वेगळे दिसतात. न्यू जर्सीत हायस्कूल पूर्ण करायला १२० लागतात कारण तिथे वर्षाच्या विषयाला ५ मिळतात. इतरत्र पुष्कळ ठिकाणी २२-२४ पुरतात. घाबरायचं कारण नाही, माप वेगळं आहे इतकंच.

नववीच्या इंग्रजीचं क्रेडिट मिळालंच पाहिजे, याचा आग्रह धरा. चार वर्षांचं इंग्रजी जवळजवळ सगळीकडे सक्तीचं, आणि हे क्रेडिट हुकलं तर एखाद्या वर्षी दोन इंग्रजी एकदम घ्यावी लागतात.

गणिताची शिडी अशी: अल्जिब्रा वन, जॉमेट्री, अल्जिब्रा टू, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. आपल्या नववीत भाग १ आणि भाग २ समांतर चालतात, त्यामुळे काउन्सेलरला मुलगा कुठल्या पायरीवर आहे ते कळत नाही आणि तो सरळ खालच्या वर्गात टाकतो. प्लेसमेंट चाचणी मागा. तिच्यासाठी उन्हाळ्यात वर्गसमीकरणं करून घ्या. ती आपल्याकडे दहावीत येतात, तिथे अल्जिब्रा वनमध्येच संपतात. फंक्शनची मांडणी, घातांकी वाढ आणि समरूप त्रिकोणही बघा. दहावीत अल्जिब्रा टू मिळालं तर बारावीत कॅल्क्युलस आरामात होतं. जॉमेट्रीत बसवलं तर एखादा विषय उन्हाळी वर्गात उरकावा लागतो.

विज्ञान तिथे एका वर्षी एकच. बहुधा नववीत बायोलॉजी, मग केमिस्ट्री, मग फिजिक्स. बायोलॉजीला कित्येक राज्यांत राज्यस्तरीय परीक्षा असते, म्हणून ती परत घ्यायला सांगतात. ऐच्छिक जागेत केमिस्ट्री जोडीला घेता येते का विचारा. शक्य तेवढे एपी (कॉलेजच्या पातळीचे) विषय पहिल्याच वर्षी घ्यावेत, म्हणजे भारित जीपीए (अवघड विषयांना जादा वजन देऊन काढलेली गुणांची सरासरी) वर राहतो.

पाणवठा
शेवटच्या वाक्याशी असहमत. एपीला भारित जीपीएत बहुधा एक गुण जास्त मिळतो खरा, पण अमेरिकी इतिहासाच्या एपीत आठवड्याला ढीगभर वाचन आणि मूळ दस्तऐवजांवर वेळेत निबंध असतो. पहिल्या सत्रात ‘सी’ आला तर जादा गुणाने काही साधत नाही. कम्प्युटर सायन्सने सुरुवात करावी, कॅल्क्युलस त्याची पायरी आल्यावर. मेमधल्या परीक्षेची नोंदणी साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतच असते, नंतर विलंबशुल्क लागतं.

आणि मराठीचं विसरू नका. काही डिस्ट्रिक्ट बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या (उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या संघटनेच्या) मराठी शाळांना परदेशी भाषेचं क्रेडिट देतात. मिळालं तर स्पॅनिशची दोन वर्षं वाचतात आणि तिथे विज्ञान बसतं.

मधलीसुट्टी
दिवसाबद्दल. शाळा अनेक ठिकाणी साडेसातच्या सुमारास सुरू होते. कॅलिफोर्नियात २०२२ पासून बहुतेक हायस्कूलना साडेआठच्या आधी भरवायला बंदी आहे. वर्ग शिक्षकांचे, फिरायचं मुलांनी. दोन तासिकांमध्ये चार-पाच मिनिटं. एक तर ४५ मिनिटांच्या सात-आठ तासिका, नाहीतर ८०-९० मिनिटांच्या चार, एक दिवसाआड. दुसऱ्या पद्धतीत एक दिवस बुडला की दोन दिवसांचं जातं. पहिल्या आठवड्यात नवीन मुलं हमखास अडतात ती लॉकरच्या कुलपावर: उजवीकडे तीन फेऱ्या फिरवून पहिला आकडा, डावीकडे तो एकदा ओलांडून दुसरा, मग उजवीकडे थेट तिसरा. एक रेघ पुढे गेलं तर पहिल्यापासून.

सकाळी झेंड्याची प्रतिज्ञा होते. ती म्हणायची सक्ती नाही, १९४३ च्या बार्नेट निकालापासून. शांत राहिलं की झालं.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होमकमिंग (फुटबॉलचा सामना आणि नाचाचा कार्यक्रम), वसंतात वरच्या दोन वर्गांचा प्रॉम (नटूनथटून जायचा नाचाचा समारंभ). क्लबांचा मेळावा पहिल्या महिन्यात असतो, तिथे नाव नोंदवणं हा ओळखी होण्याचा सोपा मार्ग. पगारी काम मात्र एच-फोरवर चालत नाही, दुकानातलं उन्हाळी कामसुद्धा. बिनपगारी स्वयंसेवा चालते.

खेळायचं असेल तर घाई करा. पानगळीतल्या खेळांचे सराव आणि निवड ऑगस्टमध्ये, शाळा उघडण्याआधीच होतात, आणि डॉक्टरच्या सहीच्या तपासणी फॉर्मशिवाय मैदानात उभं करत नाहीत. नववीत पाऊल ठेवल्यापासून आठ सत्रं एवढीच खेळायची मुदत बहुतेक राज्यांत असते. म्हणून ‘नववी परत करू, सोपं जाईल’ असं ठरवण्याआधी प्रशिक्षकाला विचारा. सरावानंतर नेहमीची पिवळी बस निघून गेलेली असते. उशिराची बस आहे का आणि ती घरापासून किती लांब सोडते, हे घर बघतानाच नकाशावर तपासून घ्या.