लॅपटॉप सुचवा: कोडिंग + फोटो एडिटिंग, बजेट ६५ हजार (नागपूर)

खंड्या_नागपूर
नमस्कार मंडळी. एमसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पायथन आणि अँड्रॉइड स्टुडिओ रोजचं. सुटीच्या दिवशी कॅमेरा घेऊन पक्ष्यांचे फोटो काढायला अंबाझरी नाहीतर गोरेवाडा तलावावर. शिवाय ओळखीपाळखीत साक्षगंध, बारसं असलं की फोटोला मलाच बोलावतात, त्याचे थोडे पैसेही सुटतात. कॅमेरा २४ मेगापिक्सलचा, रॉमध्येच (कॅमेऱ्याची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) काढते, म्हणजे एकेक फाइल २५-३० एमबीची. आत्ताचा लॅपटॉप ८ जीबी रॅमचा. एमुलेटर (अ‍ॅप तपासायचा स्क्रीनवरचा आभासी फोन) आणि लाइटरूम (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) सोबत उघडलं की जागेवर बसतो. बजेट ६५ हजार, ओढूनताणून ६८. त्यावर नाही. गेम खेळत नाही. बर्डीत (सीताबर्डी बाजारात) जाऊन घेऊ की ऑनलाइन, तेही सांगा.

तर्रीबाज
गेमिंगवालाच घेऊन घे बाप्पा. माह्याकडे आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्डवाला आहे, काहीही टाका, पळते. ७८ ला पडला. दहा हजारानं काय फरक पडते, रोज रोज थोडी घ्यायचा राहते.

खंड्या_नागपूर
फरक मलाच पडतो ना भाऊ :)

रामदासपेठी
मॅक. विषय संपला. माझा एम१ चिपवाला मॅकबुक एअर नवीन आला तेव्हाचा आहे. पंखाच नाही, त्यामुळे आवाज नाही, धूळ नाही. चार्जर बॅगेतच पडून असतो. विंडोजवर फोटो एडिट करणारे लोक कसं काय सहन करतात देव जाणे.

कोडमास्तर
एम१ एअरचं बेस मॉडेल ८ जीबीचं होतं आणि तिला त्रासच ८ जीबीचा आहे. अ‍ॅपलनं एअरला कमीत कमी १६ जीबी द्यायला सुरुवात केली ती ऑक्टोबर २०२४ पासून. एम४ एअर २०२५ मध्ये आला तो ९९,९०० ला. पोस्ट वाचून उत्तर देत जा हो.

रामदासपेठी
विद्यार्थ्यांना सवलत असते. बँकेची ऑफर वेगळी. आणि पाच वर्षांनी विकला तरी पैसे येतात.

कोडमास्तर
सवलत धरूनही ६५ होत नाही. असो.
खंड्या, १६ जीबीच्या खाली बघूच नकोस. आणि प्रोसेसरचं नाव नुसतं ‘रायझन ५’ किंवा ‘७००० सिरीज’ ऐकून भुलू नकोस. त्या मालिकेत नंबराचा तिसरा आकडा बघायचा. ७५२० मध्ये तो २ आहे, म्हणजे आतली रचना एएमडीच्या झेन २ पिढीची, २०१९ सालची. ७५३० म्हणजे झेन ३, ७८४० म्हणजे झेन ४. दुकानात तिन्हींवर स्टिकर सारखंच चमकतं. ७५२० वाल्यात रॅमही बोर्डावरच सोल्डर केलेली असते, पुढे वाढवता येत नाही. १६ जीबी, ५१२ एसएसडी, रॅमचा एक स्लॉट मोकळा, एवढं मिळालं की डोळे मिटून घे.

महालकर_काका
नागपूरच्या उन्हाळ्याचा कोणी विचारच केला नाही. मे महिन्यात ४५-४६ डिग्री. माझ्या पुतण्याचा गेमिंग लॅपटॉप, ८० हजारांचा, एका उन्हाळ्यात मदरबोर्डसकट गेला. सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, आत ओलावा गेलेला दिसतो, वॉरंटीत बसत नाही. कंपनीचं नाव घेत नाही, पण मोठी आहे. पोरगं कूलरसमोर बसून काम करायचं, एवढाच त्याचा गुन्हा.

तर्रीबाज
काका, कूलरनं नाही जात लॅपटॉप. धुळीनं पंखे जाम झाले असतील. मी पूर्ण उन्हाळा कूलरमध्येच काढतो, काही नाही झालं आतापावेतो.

महालकर_काका
तुमच्या कूलरला खस आहे की प्लास्टिकची जाळी? खसच्या कूलरची हवा जास्त ओली येते.

तर्रीबाज
खस आहे ना काका. दरवर्षी नवीन भरतो.

नांगरवाला
मुद्द्यावर या बे. नवीन घेऊच नको ताई. वापरलेला थिंकपॅड टी४८० घे, पंचवीसच्या आत येते. रॅमचे दोन स्लॉट आहेत, ३२ जीबी टाकून घे. कीबोर्ड असा की दुसरा हातात धरावासा वाटत नाही. उरलेल्या पैशात लेन्स घे. माह्यावर दोनदा चहा सांडला, वरून पाणी टाकलं, पुसला, चालू आहे.

कोडमास्तर
टी४८० म्हणजे २०१८ चं मशीन. नशीब, प्रोसेसर बहुतेक आठव्या पिढीचा असतो, निदान विंडोज ११ चालतं. सातवी पिढी असती तर तेही नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वापरलेलाच घेणार असशील तर दुकानातच कमांड प्रॉम्प्ट उघडून बॅटरी रिपोर्ट काढ. मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता शेजारीशेजारी दिसतात. दुकानदार कुरकुरला तर तिथून निघ.

पॅनलपारखी
इतकी चर्चा झाली आणि स्क्रीनबद्दल अवाक्षर नाही! मी लग्नांचे अल्बम करतो, रोजचं काम आहे, म्हणून सांगतो. या बजेटमधल्या बऱ्याच लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एसआरजीबीचे (फोटो आणि वेबसाठी वापरतात तो नेहमीचा रंगपट्टा) साधारण ६०-६५ टक्केच रंग दिसणार. गेमिंगवालेही यात सुटत नाहीत. सगळा पैसा ग्राफिक्स कार्डात जातो आणि पडदा फिका. नांगरवाल्यांचा टी४८० सुद्धा बहुतेक याच पडद्यासह मिळतो.
होतं काय, स्क्रीनवर शालू मळका दिसतो म्हणून तुम्ही सॅच्युरेशन चढवता. प्रिंट हातात आली की हळद लागलेली नवरी थेट केशरी. मग गिऱ्हाईक आपल्याला शहाणपणा शिकवतं.
‘१०० टक्के एसआरजीबी’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या. ब्राइटनेस ३०० निट्सच्या खाली नको. आणि दुकानात कंपनीचा डेमो व्हिडिओ पाहू नका, तो कशावरही झकास दिसतो. स्वतःचे फोटो पेनड्राइव्हवर न्या.

तर्रीबाज
पण डीनॉइजले, म्हणजे फोटोतले दाणे काढाले, ग्राफिक्स कार्ड लागते ना. लाइटरूमचं एआयवालं बिना कार्डाचं रडवते.

पॅनलपारखी
हे मात्र बरोबर. कार्ड नसेल तर एकेका फोटोला मिनिटं मोजत बसावं लागतं. पण डीनॉइज प्रत्येक फोटोला कोण करतं?

तर्रीबाज
पक्षीवाले करतात. पहाटेचा अंधार, आयएसओ ६४०० च्या वर, दाणेच दाणे.

इतवारी_असेंबल
डेस्कटॉप बनवून घ्या. ६५ मध्ये मशीन, चांगला मॉनिटर, वर यूपीएस. लॅपटॉपवर एडिटिंग म्हणजे डोळ्यांचे हाल.

खंड्या_नागपूर
कॉलेजात रोज न्यायचा आहे दादा, मेट्रोनं. डेस्कटॉप घेऊन कसं चढू?

इतवारी_असेंबल
मग जुना लॅपटॉप कॉलेजला, डेस्कटॉप घरी. दोन्ही कामं झाली.

धंतोली_डायरी
मी पण हेच सांगायला आले होते, १६ जीबी पाहिजेच. आणि ओएलईडी स्क्रीन घेऊ नका, टास्कबारचा कायमचा डाग पडतो म्हणतात. माझ्या बहिणीकडे आहे, तिच्याकडे अजून नाही पडला, पण पडतो.

रामदासपेठी
शेवटी सगळे मॅकवरच येतात.

खंड्या_नागपूर
सगळ्यांना थँक्यू. घेतला एकदाचा. शिव्या घालू नका.

पॅनलपारखी दादांचं ऐकून पेनड्राइव्हवर चार रॉ फाइली नेल्या, त्यात अंबाझरीचा एक खंड्या पक्षी. बर्डीत काउंटरवर तीन मशीन शेजारीशेजारी मांडायला लावली. दुकानदार आधी वैतागला, मग स्वतःच वाकून बघायला लागला. गेमिंगवाल्यावर खंड्याची पाठ चक्क राखाडी, जणू भर पावसात काढलाय. दुसऱ्यावर ठीकठाक. तिसरा १४ इंची ओएलईडी, त्यावर पाठीच्या निळ्यात पंखांच्या कडा सुट्या सुट्या दिसत होत्या. तोच घेतला.

हो, ओएलईडी. हो, ग्राफिक्स कार्ड नाही. हो, १६ जीबी सोल्डर केलेली आहे, कोडमास्तर, मला माहीत आहे. पण वजन दीड किलोच्या आत, ६५ वॉटचा टाइप सी चार्जर खिशात मावतो. गेमिंगवाल्याचं अ‍ॅडॉप्टर विटेएवढं होतं. डीनॉइज रात्री लावून झोपेन. टास्कबार लपवून टाकलाय, बॅकग्राउंड काळं केलंय. एमुलेटर आणि लाइटरूम सोबत उघडून पाहिलं, दोन्ही चालले. ऑनलाइनपेक्षा दीड हजार जास्त गेले, पण स्वतःचा फोटो उघडून पाहू देणारी वेबसाइट मला तरी सापडली नाही. जुना तिथेच एक्स्चेंजला दिला, सगळं मिळून ६७ च्या आत बसलं.

कोडमास्तर
सोल्डर! दोन वर्षांनी ३२ लागले की याच धाग्यावर भेटू.

तर्रीबाज
रात्री डीनॉइज लावशील तर कूलरसमोर नको ठेवू, काका रागावतील.

नांगरवाला
जुना कितीत देऊन दिला? मले विचारलं असतं तर मी घेतला असता ना, पार्टसाठी.

महालकर_काका
अभिनंदन बेटा. बिलावर सिरियल नंबर लिहून घेतलास का? आणि वॉरंटी कंपनीच्या साइटवर आजच तपासून घे. कधीकधी ती दुकानात माल आला त्या दिवसापासूनच सुरू झालेली दिसते. तारीख चुकीची असेल तर बिल अपलोड करून दुरुस्त करून मिळते.

खंड्या_नागपूर
नंबर आहे बिलावर काका. वॉरंटी आत्ता तपासली, तुम्ही म्हणता तसंच निघालं, दोन महिने आधीची तारीख आहे. बिल स्कॅन करून टाकते.